ठिपक्याखालचे ठिपके

अख्खा भारत संगणकाच्या पडद्यावर मावेल इतका नकाशा लहान केला, की पडद्यावरचा एक पिक्सेल पुण्याच्या अक्षांशावर जमिनीवरचे साडेचार किलोमीटरहून जास्त अंतर गिळतो. संकेतस्थळांवर नकाशे दाखवण्यासाठी ‘लीफलेट’ ही मोफत प्रणाली जगभर वापरली जाते. तिची नेहमीची निळी खूण, म्हणजे आपण जिला पिन म्हणतो ती, 25 पिक्सेल रुंद आणि 41 पिक्सेल उंच असते. हिशेब केला तर ही पिन साधारण 115 किलोमीटर रुंद आणि 190 किलोमीटर उंच भरते. पुण्यावर टेकवलेल्या पिनेचे टोक पुण्यात असते आणि डोके थेट नाशिक झाकते. नाशिकलाही वेगळी पिन लावलेली असेल, तर तिचे टोक पुण्याच्या पिनेखाली जाते, कारण दक्षिणेकडची खूण उत्तरेकडच्या खुणेच्या वर काढायची असा या प्रणालीचा नेम आहे. लोणावळा, पनवेल, ठाणे, मुंबई या पट्ट्यात प्रत्येक ठिकाणी एकेक खूण ठेवली, तर पडद्यावर एक निळा ढीग दिसतो. त्यात पाच खुणा आहेत की पाचशे, हे ढिगाकडे पाहून सांगता येत नाही.

ही अडचण बहुतेक वेळा सजावटीची म्हणून सोडवली जाते. नकाशा ‘गिचमिड’ दिसतो, म्हणून खुणा बारीक करा, रंग फिका करा, नाहीतर त्यांचे गठ्ठे बांधून वर आकडा लिहा. माझे म्हणणे असे, की हा दिसण्याचा प्रश्न नाहीच, हा मोजणीचा प्रश्न आहे. एकावर एक खुणा बसतात तेव्हा माहितीचा वाटेल तो भाग झाकला जातो असे नाही. विरळ भागातली प्रत्येक खूण सुटी आणि स्वच्छ दिसते, आणि जिथे खुणा सर्वांत जास्त तिथेच सर्वांत जास्त लपतात. गडचिरोलीतले चार ठिपके चारच दिसतील, मुंबईतले चारशे मात्र कदाचित दहा-बारा वाटतील. म्हणजे दाटीतला आणि विरळपणातला फरक दाखवण्यासाठी काढलेला नकाशा नेमका तोच फरक कमी करून दाखवतो, आणि तसे केल्याचे वाचकाला कळूही देत नाही. कोरी जागा पाहून वाचक निदान ‘इथली माहिती नसेल’ अशी शंका घेतो. भरलेल्या जागेखाली आणखी काही असेल, ही शंका त्याला येत नाही.

कागदी नकाशे काढणाऱ्यांना हा पेच माहीत होता, आणि त्यांतल्या एकाने काढलेली तोड आजही पाहण्यासारखी आहे. 1854 च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ उसळली आणि काही आठवड्यांत सहाशेहून अधिक माणसे गेली. डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाकडे बोट दाखवले आणि 8 सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. नकाशा पाहून पंपाचा शोध लागला ही गोष्ट सांगायला गोड आहे, पण नकाशा त्यानंतरचा. स्नो यांची दूषित पाण्याची उपपत्ती आधीपासून तयार होती आणि नकाशा तिच्या बाजूने उभा केलेला साक्षीदार होता. तो साक्षीदार पटण्याजोगा ठरला तो चिन्हांच्या मांडणीमुळे. स्नो यांनी प्रत्येक मृत्यूसाठी एक आखूड काळी पट्टी वापरली. एका घरात एकच मृत्यू असेल तर घराच्या दारापाशी रस्त्याला समांतर एक पट्टी, आणि त्याच घरात दुसरा मृत्यू झाला तर ती पट्टी पहिलीवर न काढता तिच्या मागे रचली. चार मृत्यू झाले तर घरामागे चार पट्ट्यांची चळत. काही पट्ट्या त्यामुळे घराच्या हद्दीबाहेर गेल्या, कुठे परसात, कुठे शेजाऱ्याच्या जागेत. स्नो यांनी ते चालवून घेतले.

या लहानशा निर्णयात सगळा विषय सामावला आहे. प्रत्येक मृत्यू नेमक्या जागी दाखवायचा म्हटले असते, तर एका घरातले सगळे मृत्यू एकाच बिंदूवर पडले असते आणि नकाशावर दिसल्या असत्या त्या मृत्यू झालेल्या घरांच्या खुणा, माणसांच्या नव्हेत. स्नो यांनी जागेतला अचूकपणा थोडा सोडला आणि मोजणी राखली. त्यामुळेच नकाशात त्या पंपाभोवतीच्या चळती जाड दिसतात आणि दूरच्या गल्ल्यांत त्या विरत जातात. पोलंड स्ट्रीटवरच्या कामगारगृहात 535 माणसे राहत होती आणि तिथे मृत्यू झाले फक्त पाच, कारण त्यांची स्वतःची विहीर होती. भोवतालच्या घरांची चळत दिसल्याशिवाय या पाचांचे कमीपण डोळ्यांना जाणवलेच नसते. पुढे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला भूगोलज्ञ वाल्डो टोबलर यांच्या पुढाकाराने हा नकाशा संगणकात उतरवण्यात आला, तेव्हा 578 मृत्यूंचे बिंदूही तसेच रस्त्यापासून मागे रांगेत ठेवले गेले. तेच बिंदू पत्त्याच्या एका जागी गोळा केले, तर आजच्या कोणत्याही नकाशा-प्रणालीत ते घरटी एक ठिपका होऊन बसतील आणि शाईने राखलेली गोष्ट संगणक पुसून टाकेल.

स्वीडनच्या स्टेन द येर यांच्यापुढे हाच पेच वेगळ्या रूपाने आला. 1917 च्या लोकसंख्येचा त्यांचा नकाशा 1919 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 100 माणसांमागे एक ठिपका होता. खेड्यापाड्यांत ही पद्धत उत्तम चालली, पण शहरांत ठिपके एकमेकांत मिसळून काळा डाग झाला असता, म्हणून शहरांसाठी त्यांनी लोकसंख्येच्या प्रमाणात घनफळ फुगणारे चेंडूसारखे गोल काढले. कल्पना धाडसी होती, पण माणसाच्या डोळ्याला घनफळाचा अंदाज वाईट येतो. क्षेत्रफळाचाही तो फारसा चांगला येत नाही: जेम्स फ्लॅनरी या अमेरिकी मानचित्रकाराने प्रयोगांनी दाखवले, की मोठी वर्तुळे लोकांना आहेत त्याहून लहान वाटतात, आणि ही तूट भरून काढायला वर्तुळे किती फुगवावीत याचे सूत्रही त्याने दिले. म्हणजे खुणांची गर्दी टाळण्यासाठी एक मोठी खूण वापरली, की झाकण्याची चूक जाते आणि तिच्या जागी कमी लेखण्याची येते.

आज सर्वांत जास्त वापरला जाणारा उपाय म्हणजे गठ्ठा बांधणे, ज्याला नकाशे करणारे ‘क्लस्टर’ म्हणतात. जवळजवळच्या खुणा एका वर्तुळात गोळा होतात, वर्तुळात आकडा येतो, झूम केले की गठ्ठा फुटतो. लीफलेटबरोबर वापरल्या जाणाऱ्या क्लस्टरच्या लोकप्रिय जोडणीत, काहीही न बदलता, दहाच्या आतले गठ्ठे हिरवे, शंभराच्या आतले पिवळे आणि त्यावरचे सगळे नारिंगी होतात. वर्तुळाचा आकार तिन्हींचा सारखाच असतो. त्यामुळे 101 आणि 10,000 हे दोन गठ्ठे डोळ्यांना जुळे वाटतात, फरक कळतो तो फक्त आत लिहिलेला आकडा वाचल्यावर. मग हा नकाशा राहिला कुठे? ती नकाशावर विखुरलेली आकडेवारी झाली. शिवाय हे गठ्ठे 80 पिक्सेलपर्यंतच्या खुणा ओढून घेतात, आणि भारत पडद्यावर मावेल त्या झूमवर 80 पिक्सेल म्हणजे 370 किलोमीटर. वर्तुळ कुठे ठेवायचे, तर सगळ्या खुणांच्या सरासरी जागी. दक्षिण मुंबईतल्या आणि अलिबागच्या खुणांची सरासरी काढली तर ती समुद्रात येते. दवाखान्यांच्या नकाशात अरबी समुद्रावर तरंगणारे वर्तुळ पाहून वाचक हसून सोडून देईल. पण सरासरी दोन तालुक्यांच्या मधल्या दवाखाना नसलेल्या गावावर पडली, तर हसण्यासारखे काही नसते, कारण ती चूक कोणाच्या लक्षातच येत नाही.

दुसरा उपाय पारदर्शकतेचा. एक ठिपका खालचे 20 टक्के झाकेल इतका पातळ ठेवायचा, म्हणजे ठिपक्यावर ठिपका पडला की रंग गडद होत जातो. हा उपाय मला क्लस्टरपेक्षा प्रामाणिक वाटतो, कारण तो जागाही राखतो आणि मोजणीही सुचवतो. पण त्याची मर्यादा साध्या गणितात दिसते. पाच ठिपके एकावर एक आले तर गडदपणा सुमारे 67 टक्के, दहा आले तर 89 आणि वीस आले तर जवळजवळ 99. वीस आणि दोनशे यांत डोळ्याला फरक उरत नाही. ठिपका आणखी पातळ केला तर दाट भाग वाचता येतो, पण एकटा ठिपका दिसेनासा होतो. हे ओढाताणीचे गणित कोणत्याही आकड्याने सुटत नाही. म्हणून दाटीतला फरक फार मोठा असेल तिथे सरळ सारखे चौकोन किंवा षटकोन आखून प्रत्येकातल्या खुणा मोजाव्या आणि त्या मोजणीला रंग द्यावा. मात्र तसे केले की ती नुसती मोजणी आहे हे मान्य करावे, आणि चौकोन सरकवले तर चित्र बदलते हेही. भूगोलात हा प्रश्न जुना आहे, स्टॅन ओपनशॉ यांनी 1980 च्या दशकात त्यावर भरपूर लिहिले.

रंगांचा मामला आला की प्रकरण आणखी नाजूक होते. समजा, एका शहरातल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांच्या तक्रारींचा नकाशा आहे, निकालात निघालेल्या तक्रारी हिरव्या आणि पडून असलेल्या लाल. एका चौकात 90 हिरव्या आणि 10 लाल आहेत. फाइलमध्ये लाल ओळी शेवटी असतील तर त्या वर काढल्या जातील आणि चौक लाल दिसेल, फाइल उलटी लावली तर तोच चौक हिरवा. पालिकेची बाजू घेणारा आणि पालिकेवर टीका करणारा असे दोघे एकाच माहितीवरून, एकही आकडा न बदलता, दोन उलट नकाशे काढू शकतात. गंमत अशी, की बहुधा दोघांपैकी कोणीच तसे ठरवून करत नाही, फाइल ज्या क्रमाने आली त्या क्रमाने नकाशा निघतो. यावर उपाय अवघड नाहीत: काढण्याचा क्रम सरमिसळ करावा, किंवा गठ्ठ्याच्या वर्तुळातच हिरव्या-लालचे वाटे दाखवावेत. अवघड एवढेच, की आधी कोणाला तरी हा प्रश्न पडला पाहिजे.

आता आक्षेपांकडे. सर्वांत पहिला आणि सर्वांत सोपा आक्षेप असा, की डिजिटल नकाशाला झूम असतो, वाचकाने जवळ जावे, ढीग आपोआप सुटतो. पण पहिले मत जवळ जाण्याआधीच बनलेले असते. पुणे आणि नागपूर यांची तुलना दोन्ही एका पडद्यावर असतानाच करता येते, जवळ गेले की एक सुटते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो नकाशाचा स्क्रीनशॉट, त्याला झूम नसतो. अमेरिकेच्या 2010 च्या जनगणनेवरून व्हर्जिनिया विद्यापीठातल्या डस्टिन केबल यांनी 2013 मध्ये केलेला नकाशा या बाबतीत बोलका आहे. त्यात देशातल्या प्रत्येक माणसाचा एक ठिपका होता, एकूण 30,87,45,538, आणि ठिपक्याचा रंग वंशाप्रमाणे. दुरून पाहताना एका पिक्सेलमध्ये अनेक माणसे येत आणि रंग एकमेकांत मिसळत. मिनिआपोलिस आणि सेंट पॉल ही जोडशहरे दुरून मिश्र वस्तीची वाटत, जवळ गेले की रंगांच्या वेगवेगळ्या पेठा दिसू लागत. केबल यांनी ते स्वतःच वाचकांना सांगितले हे त्यांचे श्रेय. झूमने दुरुस्ती झाली नाही असे नाही, पण दुरून दिसलेले चित्र अपुरे नव्हते, उलट होते, आणि ते उलट आहे हे सांगायला शब्दच लागले.

झूमची दुसरी मर्यादा तर जास्त मूलभूत आहे. काही ढीग कितीही जवळ गेले तरी सुटत नाहीत, कारण त्यातल्या सगळ्या खुणांचे अक्षांश-रेखांश एकच असतात. आपल्याकडच्या पुष्कळशा माहितीत जागा म्हणून फक्त पिनकोड असतो. 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झालेली ही पद्धत मूळचे कोकणातले, डाकतार खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ती पत्रे वर्गवार लावण्यासाठी होती, माणसांचा ठावठिकाणा बिंदूने सांगण्यासाठी नव्हे. नकाशा करणारा संगणक मात्र पिनकोडचा मध्यबिंदू काढतो आणि त्या भागातले हजारो पत्ते तिथे एकावर एक ठेवतो. अशा ढिगाची अमेरिकेतली गोष्ट कुप्रसिद्ध आहे. इंटरनेट पत्त्यांवरून ठिकाण सांगणाऱ्या मॅक्समाइंड या कंपनीकडे ज्या पत्त्यांबद्दल ‘अमेरिकेत कुठेतरी’ एवढीच माहिती होती, त्यांना तिने देशाच्या मध्याजवळचा एक गोल आकड्यांचा बिंदू दिला, 38 अंश उत्तर आणि 97 अंश पश्चिम. तिथे कॅन्सस राज्यातले एक शेतघर होते. जवळजवळ 60 कोटी इंटरनेट पत्ते त्या घरावर साचले, आणि चोरीचे फोन, हरवलेली माणसे, ऑनलाइन फसवणूक यांचा माग काढत पोलीस आणि चिडलेले लोक वर्षानुवर्षे तिथे येत राहिले. 2016 मध्ये ही बाब उजेडात आल्यावर कंपनीने तो बिंदू एका तळ्यात हलवला. इथे ढीग दिसत नव्हता एवढाच दोष नव्हता. ‘माहीत नाही’ आणि ‘इथे आहे’ या दोन गोष्टींची खूण एकच होती, आणि खुणेखाली किती पत्ते आहेत हे दिसले असते तर पहिल्याच पोलिसाला संशय आला असता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खूण तिच्या जागेवरून हलवणे म्हणजे नकाशाशी बेइमानी. स्नो यांची चळत असो की क्लिक केल्यावर कोळ्याच्या पायांसारख्या पसरणाऱ्या खुणा, आपण लोकांना खोटी जागा दाखवतो. या आक्षेपामागचा आग्रह मला मान्य आहे, पण त्याचे गृहीतक नाही. खुणेची जागा कधीच निव्वळ खरी नसते. 1:50,000 या तपशीलवार मानल्या जाणाऱ्या प्रमाणावरच्या नकाशातही अर्ध्या मिलिमीटरची रस्त्याची रेघ जमिनीवर 25 मीटर रुंद होते, आणि रस्त्याकाठची घरे मानचित्रकाराला मागे सरकवावीच लागतात. काही वेळा जागा मुद्दाम हलवली जाते. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2015-16 च्या फेरीतल्या वस्त्यांचे जे अक्षांश-रेखांश संशोधकांना मिळतात, ते शहरात 2 किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीण भागात सहसा 5 किलोमीटरपर्यंत सरकवलेले असतात, म्हणजे कोणत्या वस्तीने काय सांगितले हे शोधता येऊ नये. यात बेइमानी नाही, कारण किती आणि का सरकवले ते जाहीर असते. हलवलेली जागा वाचकाला सांगता येते, तिची हद्द देता येते. झाकलेली मोजणी सांगायला मात्र आधी ती करावी लागते, आणि एकदा केली की झाकण्याचे कारण उरत नाही. म्हणून जागा आणि संख्या यांत निवड करायची वेळ आली तर मी संख्येच्या बाजूने उभा राहीन.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. ज्याला जवळचा पेट्रोल पंप हवा आहे त्याला शहरातले सगळे पंप कशाला दाखवायचे? खरे आहे, आणि तिथे मी वाद घालणार नाही. निवड हा नकाशाचा धर्मच आहे. जर्मन मानचित्रकार ट्योपफर यांनी 1960 च्या दशकात त्याचे सूत्र मांडले: प्रमाण चौपट लहान केले तर वस्तू साधारण निम्म्या ठेवाव्या. पण हे सूत्र गावांची नावे, ओढे, पायवाटा यांच्यासाठी आहे, जिथे उरलेल्या वस्तू गाळलेल्यांचे प्रतिनिधित्व करतात. अपघातातले मृत्यू किंवा पाण्याच्या तक्रारी एकमेकांचे प्रतिनिधी नसतात, तिथे निम्मे गाळणे म्हणजे निम्मे नाकारणे. शोधण्याचा नकाशा आणि समजण्याचा नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोंधळ होतो तो शोधण्यासाठी बनवलेली साधने जशीच्या तशी समजण्यासाठी वापरल्यामुळे. (शोधण्याच्या नकाशातही कोणते दुकान दिसावे आणि कोणते गळावे हे कोण ठरवते, हा प्रश्न आहेच, पण तो बाजाराचा.)

2025 मध्ये डाक विभागाने डिजिपिन आणला: देशाचे सुमारे 4 मीटर बाजूचे चौकोन आणि प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांची खूण. पिनकोडच्या मध्यबिंदूवर साचणारे खोटे ढीग त्याने कमी होतील, आणि ते चांगलेच आहे. खरे ढीग मात्र वाढतील. चौकोन जमिनीवर आखलेला आहे, उंचीत नाही. ठाण्याच्या वीसमजली इमारतीत एकावर एक असलेल्या घरांचा डिजिपिन एकच असणार, आणि तिथल्या डेंग्यूच्या वीस रुग्णांचे वीस बिंदू, अचूकपणा कितीही वाढला तरी, पडद्यावर एकच ठिपका होऊन बसणार. तेव्हा नकाशा करणाऱ्याला एकतर त्या ठिपक्यामागे वीस खुणांची चळत रचावी लागेल, नाहीतर ठिपका वीसपट मोठा करून बाजूच्या सूचीत त्याचे माप लिहावे लागेल. जागेचा अचूकपणा वाढला म्हणून मोजणी दिसण्याचे काम कमी होत नाही, ते वेगळे करावे लागते.